आपाचा ऋत्विज आणि बत्तीस पायऱ्या

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

मंडळी आत्ताच गेली. सतरंजीवर फासे, पेन्सिली, अर्धवट पुसलेला नकाशा आणि सेव-उसळीच्या रिकाम्या वाट्या तशाच पडल्या आहेत. त्या आवरण्याआधी हे लिहून ठेवते, कारण भाच्याने आज विचारलेल्या एका प्रश्नामुळे गेल्या दोन महिन्यांत मी उभे केलेले खेळातले चारही पुजारी मला पुन्हा मुळापासून घडवावे लागणार आहेत.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकून काल्पनिक पात्रांची गोष्ट खेळण्याचा, डाव बसतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या खेळाची 2014 ची पाचवी आवृत्ती आम्ही वापरतो. नियम पुस्तकाचे असले तरी जग मात्र माझे आहे. त्यातल्या नद्या, गावे, राजे आणि देवस्थाने मी रचलेली आहेत, आणि डावात ती चालवण्याची, म्हणजे डीएमची (डंजन मास्टरची) जबाबदारीही माझीच आहे. खेळणारे चौघे: भाचा, त्याच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी आणि माझा नवरा.

मूळ पुस्तकात क्लेरिकसाठी, म्हणजे पुजारी पात्रासाठी, ज्ञान, जीवन, प्रकाश, निसर्ग, वादळ, कपट आणि युद्ध अशी सात क्षेत्रे दिलेली आहेत. अग्नी किंवा पाणी यांचे स्वतंत्र क्षेत्र त्यात नाही. म्हणून मी अग्नी, जल, वायू आणि पृथ्वी यांचे चार पुजारी स्वतः बेतले आणि पुस्तकातले मंत्र त्यांच्यात वाटून दिले. आज चौघेही प्रथमच एका प्रसंगात एकत्र आले, तेव्हा ते मला चार रंगांचे झगे घातलेल्या एकाच जादूगारासारखे दिसले. अग्नीचा पुजारी आग फेकत होता आणि वायूचा वारा फेकत होता. त्यांच्या हातात सामर्थ्य होते, पण त्यांना कोणाची सेवा करताना मी एकदाही पाहिले नव्हते.

भाच्याचा प्रश्न याच ठिकाणी आला. दुष्काळी गावात त्याच्या जलपुजाऱ्याने पाणी निर्माण करण्याचा पहिल्या पातळीचा मंत्र वापरला. नियमाप्रमाणे उघड्या भांड्यात 10 गॅलन, म्हणजे सुमारे 38 लिटर स्वच्छ पाणी आले आणि गावकरी आनंदले. पण तो थांबून म्हणाला, “मावशी, हे पाणी आलं कुठून? कोणाच्या तरी वाट्याचं असेल ना?” मी नियम वाचून दाखवला. त्याने मान डोलावली, पण पुढच्या तीन तासांत तो मंत्र एकदाही वापरला नाही.

रविवार

सकाळपासून पाण्याचाच विचार चालू आहे. लहानपणी वडिलांनी मला लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव दाखवली होती. ती 1405 सालची आहे, हे त्यांनी सांगितलेले लक्षात राहिले. आपण मराठीत जिला बारव म्हणतो तिला इथे वाव म्हणतात, आणि आमच्या घरात दोन्ही शब्द सारख्याच सहजतेने वापरले जातात. वडील त्या वेळी म्हणाले होते की, विहिरीत पाणी किती आहे हे डोकावून पाहावे लागते, पण वावेत ते पायऱ्या मोजून कळते. चांगल्या पावसानंतर पाणी वरच्या पायऱ्यांना टेकते आणि उन्हाळ्यात माणसाला त्याच्यामागे खाली खाली उतरावे लागते. म्हणजे ती वास्तू पाण्याची जागा आहे आणि पाण्याची जमाखर्चाची वहीसुद्धा आहे.

माझ्या जलपुजाऱ्याला हेच हवे होते. आता त्याच्या मूळ गावी 32 पायऱ्यांची वाव असेल. तो जगात कुठेही असला तरी मंत्राने आणलेले 38 लिटर पाणी त्याच वावेतून येईल, आणि प्रत्येक वेळी तिथले पाणी एक पायरी उतरेल. एवढ्याशा पाण्याने वाव इतकी उतरत नाही हे मला कळते, पण मंत्राची किंमत मापापेक्षा जड असावी असे मी ठरवले आहे. पाऊस झाला की पायऱ्या परत मिळतील. पाऊस केव्हा पडेल हे मी फासा टाकून ठरवीन. गावातल्या बायका रोज पाणी भरायला येतातच, त्यामुळे त्याने परगावी दाखवलेल्या औदार्याची किंमत त्याच्या मूळ गावाला एक पायरी जास्त उतरून मोजावी लागेल.

त्याच मंत्राचा दुसरा अर्धा भाग पाणी नष्ट करण्याचा आहे, आणि त्याने मला अधिक वेळ थांबवले. 2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावर ते गुडघ्याच्या वर होते, आणि पुरासोबत मगरी वस्तीत आल्याच्या बातम्या येत असताना आम्ही दोन रात्री जिन्यात बसून काढल्या. ज्याने ते पाहिले आहे त्याला पाणी ‘नष्ट’ होते ही कल्पना पटणे कठीण आहे. माझ्या जगात नष्ट केलेले पाणीही वावेतच जाईल, आणि वरच्या पायरीच्या वर गेले की गावात शिरेल. उणे आणि अधिक अशा दोन्ही बाजूंना धोका असल्यामुळे जलपुजाऱ्याला आता मंत्र म्हणण्यापूर्वी पायऱ्या आठवाव्या लागतील.

पुजारी हा शब्दही मी बदलला आहे. ऋत्विज म्हणजे ऋतूला धरून यजन करणारा. ज्याचे काम काळवेळेशी बांधलेले आहे, त्याच्यासाठी हा शब्द मला योग्य वाटतो.

सोमवार

अग्नीच्या ऋत्विजाचा नमुना शोधताना मन साहजिकच उदवाड्याकडे गेले. गुजरातच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात 1742 पासून इराणशाह हा पारशी समाजाचा पवित्र अग्नी आहे. शाह म्हणजे राजा, आणि त्या राजाची सेवा दिवसरात्रीच्या पाच ठरलेल्या वेळांना होते. आपल्या श्वासाने अग्नी दूषित होऊ नये म्हणून तिथले धर्मगुरू तोंडावर पदान नावाचे पांढरे वस्त्र बांधतात. या एका वस्त्रात पुजारीपणाचा जितका अर्थ मला सापडला, तितका आग फेकण्याच्या वीस मंत्रांत सापडला नव्हता.

तरीही ते वस्त्र मी खेळात घेतलेले नाही. तो विधी जिवंत आहे, तो पाळणारी कुटुंबे याच शहरात राहतात, आणि त्यांच्या गाभाऱ्यातली वस्तू उचलून शनिवारच्या लढाईत वापरणे मला योग्य वाटत नाही. मी फक्त कर्तव्याची कल्पना घेतली. माझा अग्नीचा ऋत्विज आपल्या गावच्या अग्नीतला निखारा मातीच्या पात्रात बाळगतो आणि दिवसातून पाच वेळा त्याला इंधन देतो, त्यांपैकी एकदा मध्यरात्री. नियमांत दीर्घ विश्रांती आठ तासांची असते आणि तीत दोन तासांपर्यंत हलके काम किंवा पहारा चालतो, त्यामुळे रात्री उठण्याने त्याची विश्रांती मोडत नाही. पण त्या वेळी तंबूत कोणी जागे आहे हे शत्रूलाही दिसते. आगीचा प्रत्येक मंत्र त्या निखाऱ्यातूनच निघेल. निखारा विझला तर नवा मिळवण्यासाठी त्याला गावी परत जावे लागेल.

मंगळवार

वायूच्या ऋत्विजाचे काम अर्ध्या तासात झाले. तो कोणाच्याही घरी सलग दोन रात्री राहत नाही आणि दार लावून झोपत नाही. याहून अधिक त्याला काही नको.

बुधवार

आज चाराचे पाच झाले. चार तत्त्वांची मांडणी ग्रीक एम्पेडोक्लीसची, इसवी सनपूर्व पाचव्या शतकातली, आणि बहुतेक काल्पनिक जगांत तीच उतरली आहे. आपल्याकडे आकाश धरून पाच भूते आहेत, आणि तैत्तिरीय उपनिषदात त्यांचा क्रमही दिलेला आहे: आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून आप, म्हणजे पाणी, आणि आपापासून पृथ्वी. शिवाय गुणांची भर पडत जाते. आकाशाला केवळ शब्द आहे, वायूला शब्द आणि स्पर्श, तेजाला, म्हणजे अग्नीला, रूपही, आपाला रसही, आणि पृथ्वीला गंधासह पाचही.

हे कागदावर उतरवताना मला एकदम नियमांतला नि:शब्दतेचा मंत्र आठवला. दुसऱ्या पातळीच्या या मंत्राने 20 फूट त्रिज्येच्या गोलात आवाज उरत नाही, आणि ज्या मंत्रांना उच्चार लागतो ते तिथे म्हणताच येत नाहीत. शब्द हा आकाशाचा गुण आहे आणि तो उरलेल्या चारही भूतांत आहे. म्हणजे ज्याच्याजवळ सर्वांत कमी गुण आहेत, तो आकाशाचा ऋत्विज आपला एकमेव गुण काढून घेतो तेव्हा बाकीच्या चौघांचे काम थांबते. पुस्तकातला नियम आणि उपनिषदातला क्रम असे एकमेकांत बसलेले पाहून मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

त्याचे वागणे मी यज्ञातल्या ब्रह्मा या ऋत्विजावरून घेतले. होता, अध्वर्यू आणि उद्गाता हे बाकीचे तीन ऋत्विज आपापले काम करत असताना ब्रह्मा गप्प बसून चुकांवर लक्ष ठेवतो आणि चूक झालीच तर प्रायश्चित्त सांगतो. आकाशाच्या ऋत्विजाच्या मंदिरासाठी तमिळनाडूतले चिदंबरमचे शिवमंदिर डोळ्यांसमोर होते. तिथे पडद्याआड मोकळी जागा आहे आणि तीत सोन्याच्या बिल्वपत्रांच्या माळा. माझ्या मंदिरात मी माळाही ठेवलेल्या नाहीत, फक्त पडदा ठेवला आहे.

पृथ्वीचा ऋत्विज अपुरा राहिला आहे. तो गंधावरून गाव ओळखतो, खणण्याआधी त्या गावाची परवानगी घेतो, इथवर मी पोहोचले. पण पाचही गुण ज्याच्याजवळ आहेत त्याने काय वर्ज्य करायचे, हे अजून सुचलेले नाही. त्याला या शनिवारी डावात आणणार नाही.

शनिवार, रात्री

सर्वांना नवे नियम वाचून दाखवले. निखाऱ्याचा नियम नवऱ्याला कठोर वाटला, आणि त्यावर आमचे बरेच बोलणे झाले. शेवटी ओल्या लाकडानेही निखारा तग धरेल, एवढी सवलत मी दिली. आकाशाच्या ऋत्विजाने पहिल्यांदा हात वर केला आणि मी बोलायचे थांबले, तेव्हा खोलीत खरोखरच कोणी बोलेना, आणि खालून रस्त्यावरचा स्कूटरचा आवाज तेवढा येत राहिला.

भाच्याने तो मंत्र आज तीनदा वापरला: एकदा जखमी घोड्यासाठी आणि दोनदा एका तान्ह्या मुलाच्या आईसाठी. प्रत्येक वेळी त्याने आधी डोळे मिटले. डाव संपल्यावर मी माझ्या वहीत पायऱ्यांची नोंद करू लागले, तर तो म्हणाला, “मावशी, हे मी लिहू? गाव माझं आहे.” मी त्याला पेन्सिल दिली. त्याने आपल्या कॅरॅक्टर शीटच्या, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदाच्या, कोपऱ्यात छोटी वाव काढली, वरच्या तीन पायऱ्या कोरड्या दाखवल्या आणि खाली 29 लिहिले.