हिमालयात बर्फ, निफाडला कडाका: यंदाच्या अंदाजांचा ताळेबंद

यंदा थंडीचा अंदाज लिहिताना मी प्रश्नच दोन केले: थंडी कधी येणार आणि पारा किती उतरणार. दोन्हींचे गुण वेगळे ठेवले. फेब्रुवारीच्या तोंडावर वही चाळली, तर 'कधी' बहुतेक वेळा जमलंय, 'किती' मात्र बरंच मागे आहे.

'कधी'चं उत्तर आपल्याकडे नसतंच, ते हिमालयात असतं. पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली) काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडत असताना नाशिकला वारा दक्षिणेकडून येऊ लागतो, ढग येतात, पहाटेचं तापमान उलट चढतं. झंझावात पूर्वेला सरकला की मागून कोरडा वायव्य वारा राजस्थान, मध्य प्रदेश, खानदेश असा उतरत येतो. गुलमर्ग-मनालीतला बर्फ थांबला की पुढच्या दोन-तीन दिवसांत इथे थंडी, हा माझा ठोकताळा. जानेवारीत एकदा तो चालला नाही, कारण पाठोपाठ दुसरा झंझावात आला आणि वायव्य वारा इथवर पोहोचायच्या आतच तुटला. त्यामुळे आता बर्फाची बातमी वाचून मी थांबत नाही, त्यामागे रांगेत काय आहे तेही बघतो.

खरा अभ्यास 'किती'चा. थंडी आल्या रात्री मी निफाडच्या बागेसाठी (मामेभावाची द्राक्षबाग, कादवा नदीपासून जवळच) ६ अंश लिहिले होते. आले १०. आकाश निरभ्र, हवा कोरडी, पण वारा रात्रभर सुरू होता आणि त्याने वरची उबदार हवा खाली मिसळत ठेवली. दुसऱ्या रात्री वारा पडला, जड गार हवा नदीकाठच्या सखल भागात साचली आणि पारा ६ च्याही खाली गेला. हंगामभर हेच दिसलं: सर्वांत गार पहाट वारा येतो त्या दिवसाची नसते, तो पडतो त्याच्या नंतरची असते.

दुसरा धागा दवबिंदूचा. हवा दवबिंदूपर्यंत गार झाली की दव पडू लागतं, त्यातून उष्णता सुटते आणि पुढची घसरण मंदावते. म्हणून संध्याकाळी सातचा दवबिंदू मी पहाटेच्या पाऱ्याचा तळ धरतो. तळ २ असेल आणि वारा पडणार असेल, तर बागायतदाराला शेकोटीची तयारी ठेवायला मी निःसंकोच सांगतो. पाणी भरत असलेल्या मण्यांना तडे गेले की वर्षाची मेहनत जाते.

अंदाज काढणाऱ्या संगणकीय मॉडेलांबद्दल थोडक्यात. युरोपियन मॉडेलची जाळी (हिशेबाच्या दोन बिंदूंमधलं अंतर) सुमारे ९ किलोमीटरची, अमेरिकी जीएफएस मॉडेलची १३. कादवेकाठचा खोलगट पट्टा त्यांत दिसत नाही, त्यामुळे शांत रात्री दोघंही पारा चढाच दाखवतात. हा फरक मी आता हाताने वजा करतो. वाऱ्याच्या रात्री मात्र काही वजा करायचं नाही.

नोंद ठेवणाऱ्यांनी उंचीही लिहावी. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, पेटीत असतो. गवतावर त्याहून बरंच गार असतं, म्हणून पेटीत ३-४ अंश असतानाही पात्यांवरचं दव गोठतं. दोन्ही आकडे खरे, पण एकाच रकान्यात नकोत.

गुणांसाठी आता ब्रायर पद्धत घेतली आहे. 'पारा ८ खाली जाण्याची शक्यता ७० टक्के' असं लिहिलं आणि गेला, तर फरक ०.३ (घडलं म्हणजे १, त्यातून ०.७ वजा), त्याचा वर्ग ०.०९. नाही गेला तर फरक ०.७, वर्ग ०.४९. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला. बिनधास्त ९० टक्के लिहिण्याची सवय यामुळे आपोआप सुटते.

हंगाम अजून संपलेला नाही. २००८ ची मोठी लाट फेब्रुवारीतच आली होती. दिंडोरी, पिंपळगाव, सिन्नरकडे ज्यांची यंत्रं आहेत त्यांनी संध्याकाळी सातचा दवबिंदू आणि रात्री वारा किती वाजता पडला, एवढं लिहून ठेवावं. मार्चमध्ये सगळ्यांच्या वह्या एकत्र लावून बघू.