जुन्या 800 नं दाजीपूरमार्गे कणकवली: निघण्याआधी रबर बघा

आमची मारुती 800 कार्बोरेटरची, म्हणजे इंजिनात जाणारं पेट्रोल हवेत मिसळायची जुनी पद्धत असलेली आहे. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट आणि खाली कणकवली असा बेत होता, सोबत मावसभाऊ. निघण्याआधी गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेहमीच्या मेस्त्रींना दाखवली. मी इंजिनाच्या आवाजाचं पुराण लावलं, तर ते बॉनेटमधून डोकं वर न काढताच म्हणाले, "लोखंड काय करत न्हाई भावा, रबर बघ."

आणि खरंच, जुनी गाडी वाटेत बसते ती बहुतेक वेळा रबरापायी. रेडिएटरचा होज पाईप गार असताना चिमटीत दाबायचा. कडक होऊन कुरकुरला किंवा फुगून लिबलिबीत लागला तर सरळ बदला. फॅन बेल्ट थोडा पिळून आतल्या बाजूच्या भेगा बघा. पाण्याचा पंप आणि डायनॅमो दोन्ही त्यावरच फिरतात, म्हणून चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर 'बघू पुढं' म्हणायचं नाही, बाजूला घ्यायची. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी कडेचा चार आकडी शिक्का वाचा, त्यावरून टायरचं वय कळतं. 1418 म्हणजे 2018 सालचा चौदावा आठवडा. स्टेपनीचाही वाचा, तिच्याकडं कुणी बघत नाही. पेट्रोलच्या नळ्या आम्ही नव्याच टाकल्या. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्या हिशेबानं केलेलं नाही. इथेनॉल उसापासूनही बनतं; ऊस आपलाच, तक्रार कुणाकडं करायची!

गाळपाचा हंगाम होता. पुईखडी ओलांडली की हळदी, परिते, भोगावती कारखान्यापर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटताना रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. टेम्परेचरचा काटा मधली खूण सोडून वर सरकायला लागला. अशा वेळी एसी बंद आणि हीटर फुल्ल, पंख्यासकट. उकडतं, पण इंजिनातली उष्णता आत ओढली जाते. काटा थोडा खाली आला, पण बॉनेटखालून वाफेचा गोडसर वास यायला लागल्यावर झाडाखाली थांबलो.

वरच्या होजच्या तोंडाशी, क्लिपच्या लगत, केसाएवढी चीर होती आणि हिरवं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) ठिबकत होतं. भाऊ फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला, त्याला तिथंच थांबवलं. आत पाणी दाबाखाली असतं, त्यामुळं ते शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की एकदम उकळून तोंडावर येतं. हात लावून रेडिएटर सहन होईपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, गप बसायचं. शेजारच्या गुऱ्हाळातल्या काकांनी बसायला बाकडं दिलं आणि "नवी का घेत न्हाईसा?" हा प्रश्नही.

गार झाल्यावर क्लिप सोडली, होजचं चिरलेलं टोक बोटभर कापलं, पुन्हा चढवून क्लिप आवळली. होजला तेवढी लांबी शिल्लक असेल तरच हे जमतं. मग पाणी भरून, झाकण उघडंच ठेवून, हीटर चालू करून इंजिन सुरू ठेवलं. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा, नाहीतर आत हवा अडकते आणि काटा पुन्हा चढतो. साधं पाणी वाटेपुरतं ठीक; घरी आल्यावर काढून कूलंट घाला आणि होज नवा.

राधानगरी सोडली की जंगल लागतं आणि मोबाईलचा भरवसा धरू नका. पेट्रोल, हवा, वायपर सगळं आधीच. तिन्हीसांजेला दाजीपूरच्या बाजूला रस्त्यावर गवा उभा असू शकतो. हॉर्न न मारता लांबच थांबा.

फोंडा घाट उतरताना दुसरा गिअर. न्यूट्रलवर टाकून पेट्रोल वाचवणारे भेटतात, त्यांच्या मागं जाऊ नका. ब्रेक सतत घासला की तापतो, आणि ब्रेक ऑईल जुनं असेल तर ते हवेतला ओलावा शोषून बसलेलं असतं. तो ओलावा उकळून वाफ झाली की पेडल थेट खाली जातं. दोन वर्षांनी ऑईल बदलायचं ते यासाठी. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा, चाकांवर पाणी मात्र ओतू नका.

कणकवलीत भर दुपारी जेवून आलो, तर गाडी सुरूच होईना. सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिनाजवळच्या तापलेल्या पेट्रोल पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पुढं पेट्रोल जात नाही. बॉनेट उघडं ठेवलं, बॉनेटखालच्या त्या पंपावर ओलं फडकं ठेवलं, चहा प्यालो, आणि गाडी लागली. चोक (गार इंजिन सुरू करताना ओढायची कळ) ओढू नका, जादा पेट्रोलनं प्लग ओले होतात.

डिकीत एवढं असू द्या: पाच लिटर पाणी, जादा फॅन बेल्ट, क्लिपा, पेचकस, धारदार चाकू, फ्यूज, टॉर्च, आणि बसणारा जॅक. 'बसणारा' म्हणजे घरी एकदा गाडीखाली लावून बघितलेला. परतताना परित्याच्या अलीकडं अंधार पडू देऊ नका. ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच असं नाही आणि 800 चे हेडलाईट तुम्हाला माहीतच आहेत.