यंगस्टाउनमधील आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर, हात बसलेल्या माणसाने अमेरिकेत मशीन शॉप टाकावे यात नवल नाही. नवल असलेच तर आम्ही निवडलेल्या गावाचे, कारण नव्वदच्या दशकात आम्ही ओहायोतील यंगस्टाउनला आलो तेव्हा पोलादावर मोठे झालेले हे शहर रिकामे होत होते. १९ सप्टेंबर १९७७ या सोमवारी यंगस्टाउन शीट अँड ट्यूब कंपनीने कॅम्पबेल वर्क्स हा पोलाद कारखाना बंद करण्याचे जाहीर केले आणि सुमारे ५,००० कामगारांच्या पोटावर पाय आला. त्यापाठोपाठ इतर भट्ट्याही विझल्या. १९३० साली १,७०,००२ लोकवस्ती असलेल्या शहरात २०२० च्या जनगणनेत ६०,०६८ माणसे उरली.

आधी लोक शहर सोडून बोर्डमन, कॅनफील्ड अशा जवळच्या वस्त्यांत जात, म्हणजे मॅहोनिंग काउंटीतच (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) राहत. पुढची पिढी मात्र नोकरीसाठी थेट ओहायोची राजधानी कोलंबस गाठू लागली आणि एके काळी तीन लाखांवर असलेली काउंटीची लोकसंख्या २०२० मध्ये २,२८,६१४ वर आली.

आम्हाला शेड स्वस्तात मिळाली, लेथ आणि मिलिंग मशीन लिलावात. मोठ्या ऑर्डरींची आशा आम्ही धरलीच नव्हती. तग धरून राहिलेल्या लहान कारखान्यांतली यंत्रे जुनी, ती बनवणाऱ्या कंपन्या बुडालेल्या, ड्रॉइंग गहाळ. अशा वेळी तुटलेला गिअर घेऊन गिऱ्हाईक दारात येते. शाबूत दातांची मापे घ्यायची, किती झीज झाली असेल याचा अंदाज बांधायचा आणि मूळ माप ठरवून नवा गिअर कापायचा, हे एका नगाचे काम मोठे शॉप अंगावर घेत नाही. त्यावरच आमचे बस्तान बसले.

२००५ मध्ये शहराने ‘यंगस्टाउन २०१०’ आराखडा स्वीकारून, हे शहर यापुढे लहानच राहणार, असे उघडपणे मान्य केले. मला ते शहाणपणाचे वाटले, जरी आराखड्यात धरलेला ८०,००० लोकवस्तीचा आकडाही टिकला नाही. २०१० मध्ये ६६,९८२ च भरले. आम्हीही दुसरी शेड बांधण्याचा विचार सोडला आणि तो पैसा संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रात घातला.

आज काम आहे, कारागीर नाहीत. शहराच्या हद्दीत कमावलेल्या पगारावर २.७५ टक्के स्थानिक कर कापला जातो, त्यामुळे होतकरू मुलगा हद्दीबाहेरची नोकरी पाहतो. म्हणून लेथ चालवणाऱ्या निवृत्त टर्नरांना अर्धवेळ बोलावून आम्ही नवी मुले तयार करतो, आणि शिकवण्याच्या तासांचेही त्यांना पूर्ण दराने पैसे देतो.