आबांच्या नावापुढे मी ‘लॅगार्ड’ लिहिलं होतं

परवा सरांनी वर्गात कोरे कागद वाटले. विस्तार शिक्षणाच्या, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत कसं पोचवायचं त्याच्या, अभ्यासक्रमातून काय काढून टाकावं ते लिहा म्हणाले, नाव नको. शेजारचा पोरगा सकाळी घरची डुकरं बघून तसाच बुटांवर आलेला. त्याने पाठपोट कागद भरला. मी लिहिलं, ‘अभ्यासक्रम चांगला आहे.’ दुसरं काय लिहिणार? आपल्याकडे इंटर्नल मार्क कोणाच्या हातात असतात, ते चार वर्षं पाहिलंय.

अमेरिकेत, आयोवातल्या एम्स गावी, आयोवा स्टेट विद्यापीठात शिकायला येऊन आठ महिने झाले. थंडीबद्दल मागे भरपूर रडून झालंय. त्या रात्री मात्र झोप आली नाही ती या कागदामुळे. तिथे लिहिलं नाही ते इथे लिहितो.

आमचं रावे, म्हणजे कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी गावात राहून करायचं काम, चोपडा तालुक्यातल्या एका गावात होतं. त्या दिवसांतलं सगळ्यात महत्त्वाचं अवजार म्हणजे बॅनर. त्यावर प्राचार्य, समन्वयक, कार्यक्रम अधिकारी, सगळ्यांची नावं पदांसकट, आणि खाली बारीक अक्षरात आम्ही कृषिदूत. बॅनर कुठल्या झाडाला बांधला म्हणजे ऊन तोंडावर येणार नाही, यावर आमचा जेवढा वेळ गेला तेवढा पिकावर गेला नसेल. प्रात्यक्षिक दहा मिनिटं, फोटो वीस मिनिटं. दोन दिवसांनी पेपरात ‘कृषिदूतांकडून शेतकऱ्यांना मार्गदर्शन’. कात्रण रिपोर्टला चिकटवलं की मार्क पक्के. एकदा सर येणार होते त्या दिवशी पाऊस लागला, तर आम्ही मारुतीच्या ओट्यावर, छपराखाली, बीजप्रक्रिया केली. बियाणं कोणाचं होतं तेही आठवत नाही.

बोर्डो मिश्रणाच्या, म्हणजे बुरशीवरच्या औषधाच्या, प्रात्यक्षिकाला गावातले केळीवाले शेतकरी आबा आले. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, 100 लिटर पाणी, एक टक्क्याचं द्रावण. आम्ही घडाघडा सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हरण्याचं काय? केळीवरचा हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. मोरचूद त्याचं काय वाकडं करणार? पाठ होतं ते बोललो : रोगट झाडं उपटून नष्ट करा, मावा आटोक्यात ठेवा. उत्तर बरोबर होतं. आबा म्हणाले, “उपटी टाकसू रे भाऊ, पन पैसा कोन देई?”

या प्रश्नाला आमच्या कुठल्याच पेपरात जागा नव्हती. मग सर्वेक्षणाच्या तक्त्यात मी त्यांच्या नावापुढे ‘लॅगार्ड’ लिहिलं. म्हणजे नवं तंत्र सगळ्यात शेवटी घेणारे, शेवटचे 16 टक्के. टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, केळीची रोपं न घेता कंदच लावतात, एवढ्यावर. रोप महाग पडतं आणि शेजारच्या टिश्यूच्या बागेत हरण्या शिरलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, हे लिहायला रकाना नव्हता.

ही वर्गवारी एव्हरेट रॉजर्स या समाजशास्त्रज्ञाची, 1962 सालची. गडी इथलाच, आयोवातल्या कॅरोलचा, याच विद्यापीठात शिकलेला. सरांनी सांगितलं की त्याचे वडील मक्याचं संकरित बियाणं घ्यायला तयार नव्हते. 1936 च्या दुष्काळात शेजाऱ्यांचा संकरित मका उभा राहिला आणि यांचा वाळला. म्हणजे लॅगार्ड त्याच्या घरातच होता! पोरं हसली. मला आबा दिसले.

इथे विद्यार्थीच चालवतात असं एक शेत आहे, 1943 पासून. काय पेरायचं, माल कधी विकायचा, ते वर्गात ठरतं. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पण म्हणून इथलं सगळंच भारी असंही नाही हं. यातल्या किती जणांनी शेतकऱ्याच्या ओसरीवर झोपून, त्याच्या घरची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन अभ्यास केलाय? आम्ही केलाय. हजार एकरवाल्याला ईमेलवर सल्ला देणं वेगळं आणि अडीच एकरवाल्याच्या बांधावर निरुत्तर उभं राहणं वेगळं.

हे मित्राला फोनवर ऐकवलं. तो नंदुरबारकडे कृषी सहायक आहे. म्हणाला, “तिकडे हिटरपाशी बसून बरं सुचतं रे तुला.” मी म्हटलं, स्कॉलरशिप मिळाली म्हणून आलो, पळून नाही आलो. त्याने तसं म्हटलंच नव्हतं.

आबांचा नंबर अजून आहे. रविवारी लावला. लॅगार्डचं काही बोललो नाही. त्यांनी घरच्यांची चौकशी केली आणि मग विचारलं, “तठे मक्याले काय भाव शे?”

चहूकडे मकाच मका, आणि मला भाव माहीत नव्हता.