मुंबईहून बारा हजार फुटांवर: आईबाबांसाठी रॉकी माउंटनची आखणी

डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे आणि कळसूबाईचं शिखर साधारण ५,४०० फुटांवर. म्हणजे मुंबईहून निघालेला माणूस डेन्व्हरला विमानातून उतरतो, तेव्हाच तो जवळजवळ महाराष्ट्राच्या माथ्यावर पोचलेला असतो. सहल अजून सुरूही झालेली नसते! सप्टेंबरअखेर आई, बाबा आणि आत्या आमच्याकडे कोलोरॅडोला येणार आहेत, आणि आम्ही सगळे गाडीने रॉकी माउंटन नॅशनल पार्कला जाणार आहोत. मुलीच्या शाळेच्या सुट्टीत मी पार्ल्याला आलेय, बाहेर पाऊस धो धो कोसळतोय आणि आम्ही रोज रात्री जेवणं उरकली की नकाशा घेऊन बसतो. आईवडिलांना अमेरिकेत पानगळीचे रंग दाखवायचे असतात अशा ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून आमची आखणी कशी चाललीय ते सविस्तर लिहितेय.

आईचा पहिला प्रश्न होता, "नॅशनल पार्क म्हणजे आपल्या बोरिवलीसारखं का गं?" प्रश्न अगदी रास्त आहे. मुंबईच्या माणसाला नॅशनल पार्क म्हटलं की बोरिवलीच डोळ्यांसमोर येतं. बोरिवलीचं उद्यान १०४ चौरस किलोमीटर, आणि हे १,०७५ च्या आसपास. त्यात साठहून अधिक शिखरं बारा हजार फुटांच्या वर. सर्वांत उंच लॉन्ग्ज पीक १४,२५९ फूट. १९१५ साली या डोंगरांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्यासाठी एनॉस मिल्स नावाच्या माणसाने वर्षानुवर्षं लेख लिहिले, भाषणं केली. लॉन्ग्ज पीकच्या पायथ्याशी तो पाहुण्यांसाठी घर चालवायचा आणि त्यांना स्वतः डोंगर दाखवायला न्यायचा. बाबांना हा माणूस फार आवडला.

बाबांची सगळी नोकरी रेल्वेत गेली. त्यांनी केलेल्या पहिल्या वेळापत्रकात एकही मिनिट वाया जात नव्हतं: शनिवारी रात्री डेन्व्हर, रविवारी सकाळी पार्कचा सर्वांत उंच रस्ता, सोमवारी यलोस्टोन या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानाकडे कूच. वेळापत्रक म्हणून ते उत्तम होतं, पण त्यात माणसाचं शरीर धरलेलं नव्हतं. तो रस्ता म्हणजे ट्रेल रिज रोड, आणि त्याचा सर्वांत उंच भाग १२,१८३ फुटांवर आहे. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांशच असतो. सत्तरीतल्या माणसाने समुद्राकाठच्या घरातून निघून दोन दिवसांत तिथे पोचायचं, हे मला पटत नाही.

आत्या म्हणाली, "मी केदारनाथला जाऊन आलेय, मला काय होतंय!" तिचंही खरं आहे. केदारनाथ साडेअकरा हजार फुटांच्या वर आहे. पण तेव्हा ती हरिद्वार, मग गुप्तकाशी, मग गौरीकुंड असे मुक्काम करत गेली होती. इथे गाडी पार्कला लागून असलेल्या इस्टेस पार्क गावाहून तास-सव्वा तासात तुम्हाला साडेचार हजार फूट वर नेऊन ठेवते. पायांना काहीच श्रम नाहीत, म्हणून त्रास होणार नाही असं वाटत राहतं, आणि मग डोकं दुखायला लागतं, मळमळतं, रात्री झोप लागत नाही. यावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. कुठल्या गोळ्या घ्यायच्या, रक्तदाबाच्या चालू गोळ्यांचं काय करायचं, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांनाच विचारायला हवं. आम्ही तिघांनाही नेऊन आणलं.

शेवटी ठरलं ते असं. आधी डेन्व्हरला आमच्या घरी तीन रात्री नुसता आराम, भरपूर पाणी, संध्याकाळी जवळपास फेरी. मग ७,५२२ फुटांवरच्या इस्टेस पार्क गावात चार रात्री. डेन्व्हरहून बोल्डर, लायन्स करत हे अंतर सुमारे ११० किलोमीटर, दीड-पावणेदोन तास. पहिल्या दिवशी गावातच राहायचं, दुसऱ्या दिवशी ९,४५० फुटांवरचं बेअर लेक आणि तिसऱ्या दिवशी ट्रेल रिज. चौथा दिवस हवामानासाठी मोकळा. यलोस्टोन रद्द. बाबांना दोन दिवस वाईट वाटलं, पण मग त्यांनीच नव्या वेळापत्रकात प्रत्येक ठिकाणासमोर उंचीचा रकाना काढला. ट्रेनच्या वेळेइतकाच महत्त्वाचा आहे तो रकाना.

प्रवेशाचं मात्र उशिरा बघून चालत नाही. गर्दीच्या महिन्यांत या पार्कमध्ये वेळ ठरवून परवाना घ्यावा लागतो. बेअर लेककडे जाणाऱ्या रस्त्यासाठी वेगळा आणि बाकी पार्कसाठी वेगळा. सप्टेंबरच्या तारखा १ ऑगस्टला तिकडच्या सकाळी आठ वाजता खुल्या होतात. मुंबईत तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, त्यामुळे इथूनच दिवेलागणीला फोन घेऊन बसता येतं. नाहीच मिळाला तर थोडे परवाने आदल्या संध्याकाळसाठी राखून ठेवतात. आणखी एक खर्च धरा: २०२६ पासून अमेरिकेबाहेर राहणाऱ्या पर्यटकांना अकरा मोठ्या उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा आहेत, आणि त्या यादीत हे पार्क आहे. परदेशी पाहुण्यांचा वर्षभराचा पास २५० डॉलरला मिळतो. घरातली माणसं मोजून हिशेब करा.

आता रंगांविषयी, कारण मुळात हा सगळा घाट त्यासाठीच आहे. मुंबईत शरद म्हणजे ऑक्टोबर हीट आणि घामाच्या धारा. कोलोरॅडोच्या डोंगरात सप्टेंबरचे शेवटचे दोन आठवडे म्हणजे अ‍ॅस्पेन नावाच्या झाडांचं सोनं. उंचावरची झाडं आधी पिवळी होतात, मग रंग हळूहळू खाली उतरतो. फोटोत दिसणारा लालभडक मेपल इथे शोधू नका, तो ईशान्य अमेरिकेत. इथे पिवळा, क्वचित नारिंगी, आणि मागे देवदाराच्या जातीच्या झाडांचा काळपट हिरवा. अ‍ॅस्पेनच्या पानाचा देठ चपटा असतो, त्यामुळे झुळूक आली न आली तोच पान थरथरतं, आपल्या पिंपळासारखं. एकाच मुळावर शेकडो खोडं उभी राहतात, म्हणून डोंगरउतारावर एक आख्खा तुकडा एकाच दिवशी पिवळा झालेला दिसतो आणि शेजारचा अजून हिरवाच असतो. मला हे दर वर्षी बघूनही पुरत नाही.

याच दिवसांत एल्क हरणांचा माजाचा काळ असतो. सांबराहून मोठा, भल्यामोठ्या शिंगांचा नर मान वर करून जी आरोळी देतो, ती एवढ्या धिप्पाड जनावराच्या गळ्यातून येईल असं वाटत नाही. लांब, उंच, शिट्टीसारखी. मोरेन पार्क आणि हॉर्सशू पार्क या कुरणांच्या कडेला संध्याकाळी गाड्या थांबतात, लोक दबक्या आवाजात बोलतात. या काळात संध्याकाळपासून सकाळपर्यंत कुरणात उतरायला बंदी असते. एल्कपासून निदान ७५ फूट आणि मूस (एल्कहूनही मोठं हरीण) किंवा अस्वल असेल तर १२० फूट अंतर ठेवायचं. आईला मी आत्ताच सांगून ठेवलंय, "फोटोसाठी एक पाऊलही पुढे जायचं नाही."

ट्रेल रिज रोड १९३२ मध्ये खुला झाला. त्याच्याही कितीतरी आधी उट आणि अरापाहो लोक हा माथा ओलांडत असत. जवळपास अठरा किलोमीटर रस्ता झाडांच्या हद्दीच्या वरून जातो, तिथे फक्त खुरटं गवत, दगड आणि वारा. बऱ्याच ठिकाणी कठडे नाहीत. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवायची, आपल्या घाटांत ठेवतो तशी. पार्कमध्ये पेट्रोल पंप नाही आणि मोबाइलची रेंज जवळजवळ नाहीच. टाकी गावात भरायची आणि नकाशा आधीच फोनवर उतरवून घ्यायचा. याच रस्त्यावरच्या मिल्नर पास या खिंडीत पाणी वाटून घेणारी रेषा आहे. तिच्या पूर्वेचं पाणी शेवटी मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताकडे जातं, पश्चिमेचं कोलोरॅडो नदीत. महाबळेश्वरला कृष्णा बंगालच्या उपसागराची वाट धरते आणि सावित्री अरबी समुद्राची, तसंच. बाबांना तिथे अर्धा तास हवाय आणि तो मी दिलाय.

जेवणासाठी स्वयंपाकघर असलेली छोटी केबिन घेतलीय. इस्टेस पार्कच्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. छोटा कुकर गाडीत पहिला चढणार. वाटेसाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मेतकूट. मात्र रात्री खाण्याचा डबा गाडीत विसरायचा नाही, काळी अस्वलं वासावर येतात. गरम कपड्यांसाठी मुंबईत फार खरेदी करू नका. वाऱ्याचं जाकीट, टोपी, हातमोजे आमच्याकडे आहेत. आत्याला नऊवारीवर जाकीट घालायचंय, आणि ते जमतं.

सप्टेंबरातही वर बर्फ पडून रस्ता एखादा दिवस बंद होऊ शकतो. मोकळा ठेवलेला चौथा दिवस त्यासाठीच. तरीही उघडला नाही, तर स्प्रेग लेकला जायचं. उंची सुमारे ८,७०० फूट, तळ्याभोवती सव्वा किलोमीटरची सपाट वाट, व्हीलचेअरही जाते. मधेमधे बसायला बाक आहेत आणि समोर डोंगरांची सगळी रांग. आत्याच्या गुडघ्यांचा विचार केला तर मला वाटतं, रस्ता उघडा असला तरी एक सकाळ तिथे काढावीच.