व्हरांड्यातले शेठजी

जुन्या इस्पितळात केसपेपरच्या खिडकीसमोर, दाराच्या चौकटीच्याही वर, एक शेठजी टांगलेले असतात. काळा कोट, डोक्याला पगडी, गुडघ्यावर हात, हातात काठी नाहीतर मिटलेलं पुस्तक. खाली पितळी पट्टीवर नाव आणि देणगीचं साल. त्यांना बघायला म्हणून कुणी आलेलं नसतं. पण प्रदर्शनात चित्रापुढे मिनिटभर थांबणारा माणूस इथे रिपोर्ट येईपर्यंत चार तास बसून राहतो. इतका चिकाटीचा प्रेक्षक दुसऱ्या कुठल्या चित्राला मिळत नसेल, आणि इतका बेफिकीरही.

मुंबईत इस्पितळ आणि चित्रकार यांचं गोत्र एकच आहे. जमशेटजी जीजीभॉय (१७८३–१८५९) यांच्या देणगीतून भायखळ्याचं रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झालं आणि त्यांच्याच देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा. दोन्हींना लोक आजही नुसतं ‘जेजे’ म्हणतात. टॅक्सीवाल्याला कुठलं जेजे ते सांगावं लागतं. या शाळेतून व्यक्तिचित्रकारांची मोठी फळी निघाली: पेस्तनजी बोमनजी, पिठावाला, त्रिंदाद, हळदणकर. त्यांना काम देणारेही पुष्कळदा असेच शेठ, संस्थानिक आणि न्यायमूर्ती.

समोर बसवून चित्र काढायला मिळालं तर नशीब. इस्पितळाच्या कामात बहुतेक वेळा दाते वारलेले असतात आणि चित्रकाराच्या हाती येतो एक फोटो. तोही लग्नाच्या ग्रुपमधला, तिसऱ्या रांगेतला. फ्लॅशने काढलेला असेल तर आणखी पंचाईत: नाकाखाली सावली नाही, डोळ्यांच्या खोबणीत सावली नाही, म्हणजे चेहऱ्याला उंचसखलपणाच नाही. तीन बाय चार इंचांच्या फोटोवर अर्ध्या इंचाच्या चौकटी पाडल्या की सहा गुणिले आठ चौकटी होतात. चोवीस बाय बत्तीसच्या कॅनव्हासवर त्याच चार-चार इंचांच्या. रेखाटन त्यातून बिनचूक उतरतं. नाकाचा उठाव मात्र चौकटींतून मिळत नाही. त्यासाठी साधारण तशाच बांध्याचा एखादा पुतण्या कोट घालून उत्तरेच्या खिडकीपाशी बसवायचा. कोटाच्या चुण्या, हात आणि उजेडाची दिशा पुतण्याची; चेहरा काकांचा. निम्म्या तैलचित्रांतले हात दात्याचे नसतात, हे पितळी पट्टीवर लिहीत नाहीत.

फोटो काळा-पांढरा असेल तर रंग विचारावा लागतो. घरचे सांगतात, ‘गव्हाळ’. महाराष्ट्रातले सगळे दिवंगत दाते गव्हाळ होते. चित्रकार मग यलो ऑकर, लाइट रेड आणि पांढरा घेऊन आपल्या अंदाजाने जातो. चेहरा प्रत्यक्षाएवढा किंवा किंचित लहान ठेवायचा, हा जुना नियम. त्याहून मोठा केला की माणूस भेसूर दिसायला लागतो. घरच्यांना दाखवलं की आक्षेप ठरलेला: सगळं छान आहे हो, तोंडाजवळ काहीतरी चुकलंय. अशा वेळी ओठाला हात न लावता ओठाच्या कोपऱ्यातली सावली जराशी हलकी करून पाहावी. बहुतेक भांडण तिथेच मिटतं.

खरा घात करतो तो काळा कोट. चित्रातला सर्वांत मोठा तुकडा तोच आणि तो कंटाळवाणा, म्हणून घाईत उरकला जातो. आयव्हरी ब्लॅक या काळ्या रंगाला तेल भरपूर लागतं आणि तो वाळतो सावकाश. त्याच्यावर भराभर वाळणारा, कमी तेलाचा रंग चढवला, म्हणजे कोटावर तपकिरी बर्न्ट अंबर घालून उजेडाच्या कडा काढल्या, की वरचा थर आधी कडक होतो, खालचा अजून सरकत असतो आणि दोन-तीन वर्षांत कोटाला भेगा पडतात. आधी पातळ, मग तेलकट, हे विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी सांगतात. उद्घाटनाची तारीख जवळ आली की त्याचा विसर पडतो. दुसरी तक्रार मळकट डागांची. खालच्या अस्तराने तेल शोषलं की काळा रंग जागोजागी मरतो, कोट पाटीसारखा निस्तेज दिसतो. त्यावर उपाय रिटच वॉर्निशचा, म्हणजे पातळ तात्पुरत्या वॉर्निशचा, हलका हात. शेवटचं वॉर्निश रंग आतपर्यंत वाळल्यावर, म्हणजे किमान सहा महिन्यांनी. पण समारंभ असतो पुढच्या रविवारी. पाहुण्यांसमोर चकाकावं म्हणून ओल्या रंगावरच वॉर्निश फासलं जातं. ते चिकट राहतं आणि ओपीडीची सगळी धूळ त्याच्यावर बसते. दमार या राळेचं वॉर्निश तर काळाने पिवळं पडतंच. आज आपल्याला जुने दाते कावीळ झाल्यासारखे दिसतात ते त्यामुळे. त्यांच्या यकृताचा काही संबंध नाही.

टांगण्याचंही शास्त्र आहे. संग्रहालयात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर. इस्पितळात तसं केलं तर स्ट्रेचरचा पहिलाच कोपरा शेठजींच्या पोटात घुसेल. म्हणून ते आठ फुटांवर चढतात, आणि तिथे ट्यूबलाइट त्यांच्या कपाळावर आडवी उमटते. यासाठी चौकटीचा वरचा कडा भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे झुकवायचा: मागच्या कड्या वरून एक तृतीयांश अंतरावर लावल्या की चित्र आपोआप झुकतं. काच शक्यतो नको. समोर खिडकी असेल तर काचेत शेठजींऐवजी पार्किंग दिसतं. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर तर टांगूच नये. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते आणि कॅनव्हासला मागून बुरशी येते. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे दोन तुकडे चिकटवले तरी हवा खेळती राहते. खर्च नगण्य, पण कुणी करत नाही.

पुण्यतिथीला हार येतो. ताज्या झेंडूचं पाणी कॅनव्हासवरून ओघळतं, चंदनाचा हार पंख्याच्या वाऱ्याने रोज थोडाथोडा घासतो. भाविक कर्मचारी स्टुलावर चढून कपाळाला अष्टगंध लावतो. ते ओलं गंध वॉर्निशच्या भेगेत उतरलं की तिथून ते काढणं हे जाणकाराचं काम. हार घालायचाच तर चौकटीच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर छोटे हूक ठोकून चौकटीला घालावा, रंगाला नाही.

मिलान शहरातल्या ओस्पेदाले माज्जोरे या पंधराव्या शतकातल्या इस्पितळाने दात्यांच्या चित्रांची परंपरा शतकानुशतकं चालवली आहे. तिथे शेकडो व्यक्तिचित्रं जमली. देणगी मोठी असेल तर पूर्ण उभं चित्र, कमी असेल तर अर्ध्या अंगाचं. इतका रोखठोक हिशेब आपल्याकडे संगमरवरी पाटीवरच्या अक्षरांच्या आकारात चालतो. दर विषम वर्षी पंचवीस मार्चच्या सणाला ही चित्रं लोकांना पाहण्यासाठी मांडण्याची तिथली रीत. आपल्याकडे नवी इमारत झाली की जुने दाते आधी स्टोअरमध्ये जातात, मोडक्या सलाइन स्टँडच्या शेजारी, तोंड भिंतीकडे करून. नव्या लॉबीत त्यांच्याच फोटोचा कॅनव्हास प्रिंट लागतो. तो स्वस्त आहे, पटकन होतो आणि लांबून फरक कळत नाही. जवळ गेलं की कळतो: प्रिंटमध्ये डोळ्यातला उजेडाचा ठिपका हा कागदासारखा सपाट पांढरा असतो, हाताने काढलेल्या चित्रात तो रंगाचा एक उंचवटा असतो आणि समोरून माणूस चालत गेला की लुकलुकतो.

त्या ठिपक्यामुळे नव्हे, पण एक गंमत खरी आहे. चित्रातल्या माणसाने सरळ समोर पाहिलं असेल तर तो हॉलच्या कुठल्याही बाकावरून आपल्याकडेच पाहतो. कॅनव्हास सपाट असल्यामुळे बाजूला सरकलं तरी बुबुळाची जागा बदलत नाही, म्हणून नजर पाठ सोडत नाही. उद्घाटनाच्या दिवशी हे रुबाबदार वाटतं. आयसीयूबाहेर रात्री अडीचला कुणाला ते सोबत वाटतं, कुणाला पाळत. असल्या जागेसाठी चित्र असेल तर जाणता चित्रकार मान पाऊणभर वळवतो आणि नजर खिडकीकडे नेतो. शेठजी मग आपल्याबरोबर कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखे दिसतात.

चित्राखालच्या बाकामागे भिंतीवर एक काळपट पट्टा असतो. टेकलेल्या डोक्यांचं खोबरेल. रंगकाम झालं तरी तो वर्षभरात परत उमटतो. म्हणून भिंतीला पाच फुटांपर्यंत ऑइल पेंट मारतात. ओल्या फडक्याने पुसता येतो. फक्त पुसणारा उत्साही निघाला की तो स्टूल घेऊन वर चढतो आणि तेच फेनाइलचं फडकं शेठजींच्या कोटावरूनही फिरवतो.