अडीच महिन्यांचं पिल्लू

मांजर पसंत करण्याआधी माझ्याकडे कुणी येत नाही. पसंती झाली, पैसे दिले, की मग तपासायला आणतात. त्या शनिवारी आलेलं कुटुंब त्यातल्या त्यात शहाणं, कारण पैसे निम्मेच दिले होते. आई, बाबा, शाळकरी मुलगी, आजी आणि आंब्याच्या खोक्यात पांढरंशुभ्र पर्शियन पिल्लू. डोळे निळेशार.

"अडीच महिन्यांचं आहे, पहिली लस झालीय. तुम्ही एकदा बघा, म्हणजे उरलेले पैसे देऊन टाकतो," बाबा म्हणाले.

काट्यावर भरलं 510 ग्रॅम. या वयाला किलोभर तरी हवं. बारीक चणीचं असेल म्हणून तोंड उघडलं. पुढचे दात होते, सुळे होते, पण दाढा नुकत्या हिरडीतून डोकावत होत्या. खाली तर बोटाला नुसतं टोक लागलं. दुधाचे सगळे 26 दात साधारण दोन महिन्यांपर्यंत येऊन जातात. हे पिल्लू फार तर पाच आठवड्यांचं. लसीच्या कार्डावर तारीख होती, पण ना कुपीवरचं लेबल, ना डॉक्टरचा सही-शिक्का.

आणि ते डोळे! पिल्लांचे डोळे उघडतात तेव्हा सगळ्यांचेच निळे असतात. खरा रंग सहा-सात आठवड्यांनंतर दिसायला लागतो.

"अहो, निळ्या डोळ्यांचे तीन हजार जास्त घेतलेत त्याने!" आई म्हणाल्या.

तेवढ्यात आजींनी मुद्द्याचं विचारलं, "पण याची आई कुठाय?" ती कुणीच पाहिली नव्हती. विकणाऱ्याने पार्किंगमध्ये पिल्लू हातात ठेवलं होतं.

पिल्लू निदान आठ आठवडे आईपाशी हवं, दहा-बारा मिळाले तर फारच छान. खेळताना किती जोरात चावायचं, हे ते आई-भावंडांकडूनच शिकतं. लवकर तोडलेली पिल्लं पुढे माणसांचे हात ओरबाडतात, आणि लोक मला विचारतात, "डॉक्टर, हा रागीट का झाला?"

विकणाऱ्याला फोन स्पीकरवर लावला. "कस्टमरला प्रॉब्लेम नाही, मग तुम्हाला काय?" तो मलाच म्हणाला. आजींनी फोन हातात घेतला. "बाळा, उरलेले पैसे अजून आमच्याकडेच आहेत." तो लगेच मऊ झाला. त्याच रात्री हे लोक त्याच्या घरी जाऊन पिल्लू सोडून आले. आई होती. रोडावलेली, पण होती. पिल्लू थेट तिच्या पोटाशी शिरलं म्हणे.

महिनाभर ते आईपाशीच राहणार होतं, तेवढ्यात घर तयार करायचं होतं. फ्लॅट नवव्या मजल्यावर, सरकत्या काचांचा. मी जाळीचा विषय काढला तर बाबा म्हणाले, "मांजर चार पायांवर पडतं ना?" पडतं. पण पाय आणि छाती वाचत नाहीत, जबडा जमिनीवर आपटून मधोमध फाटतो. पुण्यातल्या गॅलऱ्यांत कबुतरांची काय कमी? त्यांच्यावर झेप घेतलेली मांजरं मी तारेने जबडा बांधून घरी पाठवली आहेत. जाळी आधी, मांजर नंतर, एवढ्यावर मी अडून बसले. फुलदाणीतल्या लिलीलाही रजा दिली. तिचे नुसते परागकण चाटले तरी मांजराची किडनी जाते. पॅरासिटामॉल कुलपात. मातीचा ट्रे जेवणाच्या वाटीपासून लांब. आणि पहिले काही दिवस एकच खोली, कितीही पाहुणे आले तरी. यादी मुलीने वहीत उतरवून घेतली.

महिन्याने सगळे पुन्हा आले, या वेळी नीट कॅरिअरमध्ये. वजन किलोच्या जरा खाली, पण दाढा सगळ्या आलेल्या, आणि स्टेथोस्कोपची नळी चावायची हौस भारी. पाठीमागे किल्ल्या वाजवल्या तसे दोन्ही कान फिरले. पांढऱ्या मांजरांत बहिरेपण बरंच आढळतं, म्हणून ते पाहिलं. बुबुळांत पिवळसर झाक चढली होती.

"विकणाऱ्याकडे तीन हजार परत मागितले," बाबा म्हणाले.

"मग?"

"म्हणतो, फिश ऑइल द्या, परत निळे होतील."

मी हसत हसत सिरिंज भरली.